सोळा दिवसांची सरळ रेघ

काटेताईंचं आडनाव काटे नव्हतं. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. अणुवीज केंद्रात लागून त्यांना तेवीस वर्षं झाली होती. त्यातली वीस वर्षं त्यांची नजर एकाच यंत्राच्या काट्यावर खिळलेली, म्हणून त्या काटेताई. पुढे यंत्रातला काटा गेला, त्या जागी आकडे आले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि स्वभावही तसाच काटेकोर. चहाच्या कपाचा कान उजवीकडेच हवा, नट आवळायचे पाने मापाप्रमाणे ओळीत टांगलेले हवेत, आणि एकदा वाचलेला आकडा दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही.

त्या केंद्राच्या उंच चिमणीतून कधी धूर निघाला नाही. नव्याने आलेला माणूस चार दिवस वर बघायचा आणि विचारायचा, "ही बंद आहे का?" बंद नसायची. आतल्या खोल्यांमधली हवा गाळून गाळून वर सोडायची एवढंच तिचं काम. त्या हवेबरोबर किरणोत्सारी वायू किती बाहेर जातो हे सतत मोजायचं, ते काम काटेताईंच्या यंत्राचं. चिमणीच्या पायथ्याशी एक बुटकी खोली होती आणि तिच्यात कपाटाएवढी, करड्या रंगाची लोखंडी पेटी. बोटाएवढी जाड पोलादी नळी चिमणीतून खाली त्या पेटीत यायची. पंप नळीतून थोडीशी हवा ओढायचा, पेटी ती तपासायची आणि आकडा कंट्रोल रूमच्या पडद्यावर जायचा. शितावरून भाताची परीक्षा, त्यातलाच प्रकार. यंत्राला लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला नुसतं 'पेटी' म्हणत.

पेटी म्हणजे दुखणाईत माणूस. आज पंप गरम होऊन बंद, उद्या गाळणीचा कागद चोंदला, परवा नळीत पाणी साचलं. थंडीत चिमणीतली दमट हवा नळीत येऊन गार पडायची आणि थेंब धरायची. ते होऊ नये म्हणून नळीभोवती विजेवर तापणारी पट्टी गुंडाळलेली असायची, तीही मधूनच जळायची. पेटी बंद पडली की नियम असा, की ती चालू होईपर्यंत दर आठ तासांनी माणसाने जाऊन चिमणीतली हवा बाटलीत भरून आणायची आणि प्रयोगशाळेत मोजायची. हे काम करणारे रसायनवाले गृहस्थ आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते, तरी अख्खं केंद्र त्यांना बाटलीभाऊ म्हणायचं. त्यांचे गुडघे दुखायचे आणि चिमणीचा लोखंडी जिना उभा होता.

"ताई," दर वेळी ते जिन्याखाली उभे राहून म्हणायचे, "तुमच्या पेटीला माझ्याबद्दल काय राग आहे, एकदा विचारून ठेवा."

त्या वर्षीच्या थंडीत पेटी दोन महिन्यांत नऊ वेळा बंद पडली. विभागाचे साहेब तसे सज्जन, पण तेही वैतागले. "ताई, या केंद्रात सगळ्यात जास्त रजा कोण घेतं माहीत आहे? तुमची पेटी." शेवटी नवा पंप मंजूर झाला, आला, आणि एका मंगळवारी सकाळी काटेताईंनी तो बसवायला घेतला.

काम हातातलंच होतं. जुना पंप काढायचा, नवा बसवायचा, नळी जोडायची, पट्टी गुंडाळायची. नवा पंप बसला. नळीचं टोक जोडात सरकवलं, नट बोटांनी फिरवत आणला. आता पाना घेऊन घट्ट आवळायचा, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

फोन घरचा होता. काटेताईंच्या नवऱ्याचं कॉलनीच्या कोपऱ्यावर केशकर्तनाचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक. पोरं त्यांना कात्रीकाका म्हणत. काटेताई घरात आठवड्यात जेवढं बोलत, तेवढं काका एका दाढीत बोलून मोकळे व्हायचे. त्यामुळे फोनवर ते गप्प आहेत हे ऐकून ताईंनीच आधी विचारलं.

"अहो? काय झालं?"

"अगं... हेडमास्तरांचा कान कापला गेला माझ्या हातून."

"फार?"

"नाही. ओरखडाच. ते हसले. म्हणाले, दुसरा आहे अजून." मग काका हळूच म्हणाले, "पण वस्तरा धरलेला माझा हात थरथरत होता गं. मला थांबवता येईना. आज नाही, तीन महिने झाले. तुला सांगितलं नाही मी. दुकान बंद करून आत बसलोय."

तीस वर्षांत त्या माणसाने कामाच्या वेळी दुकान बंद केलं नव्हतं. ताई दहा मिनिटं बोलत राहिल्या. पाणी प्या म्हणाल्या, आडवे व्हा म्हणाल्या, आपण डॉक्टरांकडे जाऊ म्हणाल्या. डॉक्टर म्हटल्यावर काका एकदम म्हणाले, "नको. हात दाखवून अवलक्षण." आणि त्यांनी फोन ठेवला.

ताई पेटीकडे परतल्या. पट्टी गुंडाळली, मागचं झाकण लावलं, पंप सुरू केला. हवेचा प्रवाह जेवढा हवा तेवढाच दाखवत होता. तपासणीसाठी ठेवलेला छोटा किरणोत्सारी नमुना पेटीसमोर धरला, आकडा बरोबर आला. त्यांनी वहीत सही केली.

त्यानंतर पेटीला जी काय तब्येत लाभली म्हणता! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल दोन आठवडे पेटीला शिंकसुद्धा आली नाही. कंट्रोल रूममधून फोन बंद झाले. बाटलीभाऊंचे गुडघे विसावले. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर काटेताईंचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. ताई ओशाळल्या. घरी काकांनी दुकान पुन्हा उघडलं होतं, पण दाढीला कुणी आलं की ते वस्तऱ्याला धार नाही म्हणून सांगत. ताईंना ते कळत होतं. डॉक्टरांचं नाव काढलं की घरात अबोला, म्हणून त्या काढत नव्हत्या.

सोळाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ताई गाळणीचा कागद बदलायला पेटीजवळ गेल्या. अणुभट्टीच्या इमारतीतली साचलेली हवा दर गुरुवारी नऊ वाजता चिमणीतून बाहेर सोडत. त्या वेळी आकडा जरासा वर चढायचा आणि तासाभरात उतरायचा. मर्यादेच्या कितीतरी खाली, पण चढायचा. वीस वर्षं ताईंनी तो पाहिला होता. कागदाच्या पट्टीवर पेटीची लेखणी निळी रेघ काढायची, तिच्यावर दर गुरुवारी छोटासा उंचवटा. उशीखाली काहीतरी ठेवल्यासारखा.

साडेनऊ वाजले होते. रेघ सरळ होती.

त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला. "आज हवा सोडली नाही का?"

"सोडली की. नऊला. का हो ताई?"

"सहज."

त्यांनी कागदाची गुंडाळी मागे उलगडली. गेला गुरुवार, सरळ. त्याच्या आधीचा, नव्या पंपानंतरचा पहिला गुरुवार, तोही सरळ. त्याच्याही आधी गेल्या तर उंचवटे होते, ओळीने, पेटी बंद पडल्याच्या खाड्यांमधून डोकं काढणारे. तान्हं मूल रडलं तर घरातले सगळे धावतात, पण ते फार वेळ गप्प राहिलं तर फक्त आई उठून बघते. आकडा वाढला तर ओरडणारी घंटा त्या केंद्रात जागोजागी होती. वाढायला हवा तेव्हा वाढला नाही म्हणून वाजणारी घंटा कुणी बसवलीच नव्हती.

ताईंनी मागचं झाकण उघडलं. खिशातल्या पातळ कागदी रुमालाची पट्टी फाडली आणि नळीच्या एकेका जोडाशी हळूच धरली. पहिल्या जोडाशी पट्टी लटकून राहिली. दुसऱ्याशीही. तिसऱ्या जोडावरची तापणारी पट्टी सोडली, कागद तिथं नेला, आणि तो फटकन ओढला जाऊन फटीला चिकटला.

नट बोटांनी लावला होता तेवढाच होता. त्याच्या आत नळीचं टोक जोडातून निसटून बाजूला टेकलं होतं. पंप मन लावून हवा ओढत होता, पण चिमणीतली नाही, या खोलीतली. प्रवाह बरोबर होता, कारण हवा ती हवाच. नमुना धरला तर आकडा बरोबर येत होता, कारण पेटीत काही दोषच नव्हता. रोजची तपासणी पेटीची व्हायची, नळीला कुणी विचारतच नव्हतं.

आणि फोन आठवला. भिंतीवरचा तो फोन समोरच होता.

ताई स्टुलावर बसल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाना खुंटीवर, हाताच्या अंतरावर. नळी सरकवायची, नट आवळायचा, पट्टी गुंडाळायची. पंधरा मिनिटांचं काम. लगेच रेघेवर उंचवट्याचं शेपूट दिसलं असतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांच्या मनात हे आलं, आणि आलं हे त्यांनी पुढे कधी लपवलंही नाही. पण मग ते सोळा दिवस? पेटी ठणठणीत म्हणून बाटलीभाऊ वर चढले नव्हते. म्हणजे सोळा दिवस चिमणीतून काय गेलं ते कुणीच मोजलं नव्हतं. चिमणीच्या वाऱ्याखाली कॉलनी होती, शाळा होती, काकांचं दुकान होतं.

त्यांनी कशालाही हात लावला नाही. उठून फोन उचलला. "काटे बोलतेय. पेटी बंद धरा. आत्तापासून नाही, मागच्याच्या मागच्या मंगळवारपासून. आणि बाटलीभाऊंना वर पाठवा."

साहेब धावत आले. वाकून नट पाहिला, कागदाचा तुकडा पाहिला. मग खोलीचं दार लोटून घेतलं.

"ताई, तुमची तेवीस वर्षांची नोकरी. एक डाग नाही. पंप नवा, जोरात थरथरतो. थरथरीनं नट सुटला असं होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं, साहेब. पण झालेलं नाही." ताईंनी बोट दाखवलं. "पान्यानं आवळलेल्या नटाच्या कडांवर ओरखडे उठतात. हा बघा, कोरा करकरीत. याला पाना लागलाच नाही."

"ते मला दिसतंय. मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळतंय. झाकली मूठ..."

"आज पंपावर खापर फोडलं तर आपण पंप बदलू. आणि नट पुन्हा कुणीतरी विसरेल. मीच विसरेन कदाचित." "मला लिहू द्या, साहेब. माझ्या हातानं."

त्यांनी लिहिलं. काम चालू असताना घरचा फोन घेतला. परत आल्यावर नट आवळायचा राहिला. तपासणीत कळलं नाही, कारण तपासणी फक्त पेटीची होते. तीन वाक्यं लिहायला त्यांना पाऊण तास लागला. बाटलीभाऊंची पहिली बाटली तोवर मोजून झाली होती आणि ठीक होती. पण ती आजची. त्या सोळा दिवसांची साक्ष द्यायला एकच सोय होती. केंद्राच्या कुंपणालगत आणि कॉलनीत पाच ठिकाणी किरणोत्सार नोंदवणाऱ्या डब्या टांगलेल्या असत, एक शाळेच्या गच्चीवरही. त्या महिन्याअखेरीस उतरवून वाचायच्या असत. साहेबांनी त्याच दुपारी उतरवायला लावल्या. वाचून निकाल यायला दोन दिवस लागणार होते. तोवर काटेताईंनी घरी थांबावं, असं ठरलं.

संध्याकाळी त्यांनी काकांना सगळं सांगितलं. फोनचं तेवढं वगळून. काका कधी नव्हे ते मधे न बोलता ऐकत राहिले, आणि मग बोटांवर दिवस मोजू लागले.

"मंगळवार म्हणालीस?"

"हं."

"सकाळी?"

ताई उठून खिडकी लावायला लागल्या.

"मंगळवारी सकाळी मी फोन केला होता तुला." काकांनी उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे झालं."

"नट माझ्या हातात होता, तुमच्या नाही."

"पण फोन..."

"फोन घेतला त्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा केलात तरी पुन्हा घेईन. परत येऊन पाना उचलला नाही, त्याचं वाटतं. तुम्ही यात येऊच नका."

काका उठले, आत गेले, आणि भांडी घासायला लागले. भांडी सकाळीच घासून झाली होती.

शुक्रवारी घरात बसवेना म्हणून ताई दुकानात जाऊन बसल्या. केस झाडून काढले, कंगवे धुतले, आरसा पुसला. बातमी तोवर कॉलनीभर झाली होती, आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत दुकानात परत येत होती. कुणी म्हणालं पेटी फुटली, कुणी म्हणालं महिनाभर गळत होती. बाकावर बसलेले लोक ताईंना पाहून आवाज खाली करत. काका कात्री चालवत होते, पण आज त्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

अकराच्या सुमाराला समोरच्या घरातली तरुण बाई दारात आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ. तिला आत यायचं नव्हतं आणि जायचंही नव्हतं.

"काका, तुम्हाला सगळ्या बातम्या असतात. खरं काय ते सांगा. बाळाला रोज सकाळी मी अंगणात उन्हाला निजवते."

काकांनी कात्री खाली ठेवली. बाकावरून एकजण खाकरला. ताईंनी केरसुणी भिंतीला लावली.

"मी सांगते. ते यंत्र माझ्याकडे आहे. चूक माझी आहे." त्यांनी नळी, पंप, नट, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. हात पुसता पुसता, कुठेही न थांबता.

बाई ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे सोळा दिवस तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि आता?"

"आताही नाही. भट्टीतलं पाणी रोज तपासतात, ते ठीक आहे, त्यावरून वाटतं की काही गेलं नसावं. पण वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. कुंपणावरच्या डब्यांचा निकाल उद्या संध्याकाळी येईल."

"आणि वाईट आला तर?"

"तरी तुला मीच येऊन सांगेन. दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही."

"सांगून काय होणार आहे?" बाई चिरक्या आवाजात म्हणाली आणि बाळाला छातीशी घट्ट धरून निघून गेली. बाळ रडत होतं.

दुपारी दुकान बंद करताना काका एवढंच म्हणाले, "मला जमलं नसतं." ताईंना वाटलं ते बाईशी बोलण्याबद्दल म्हणताहेत.

शनिवारची दुपार सरता सरेना. ताईंनी कपाट लावलं, ते उपसलं आणि परत लावलं. पाचच्या सुमाराला रस्त्यावरून धापा टाकत येणारं माणूस दिसलं. बाटलीभाऊ! दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळत. फोन करायचं त्यांना सुचलंच नव्हतं. हातातला कागद त्यांनी झेंड्यासारखा वर धरला होता.

"नेहमीसारखं!" ते फाटकातूनच ओरडले. "ताई, पाचही डब्या! नेहमीसारखं! शाळेवरची तर मागच्या महिन्यापेक्षा केसभर कमीच!"

ताईंनी कागद घेतला. पाच आकडे वाचले. पुन्हा वाचले. मग त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडल्या. काकांनी खांद्यावरचा दुकानातला टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि बाटलीभाऊंना म्हणाले, "बसा हो, चहा टाकतो," आणि स्वतः न जाता तिथंच शेजारी बसून राहिले. बाटलीभाऊंना चहा मिळाला तो अर्ध्या तासाने, आणि तो त्यांनी स्वतः केला.

डोळे पुसून ताई रस्ता ओलांडून गेल्या. बाईने दार अर्धंच उघडलं. ताईंनी कागद पुढे केला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून सांगितलं, ही डबी कुठली, ही कुठली, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं. बाईने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग दार पुरतं उघडलं.

"काल मी तुमच्यावर ओरडले."

"ओरडणारच. मीही ओरडले असते."

आतून दूध उतू जातानाचा फसफस आवाज आला. "अगं बाई! धरा जरा याला," म्हणत बाईने बाळ ताईंच्या हातात दिलं आणि आत पळाली. बाळाने ताईंचं एक बोट मुठीत पकडलं आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलं. बाई दूध आवरून, ओटा पुसून बाहेर आली, तरी ताईंनी ते बोट सोडवून घेतलं नव्हतं.

सोमवारी ठपक्याचं पत्र मिळालं. शिवाय महिनाभर भांडारात बदली. तिथं ताईंना मापाप्रमाणे नट-बोल्ट लावून ठेवायचं काम दिलं. साहेब म्हणाले, "ही शिक्षा मी मुद्दाम निवडलेली नाही हो." ताई हसल्या. पत्राबरोबर त्यांच्या अहवालाची प्रत होती आणि समासात वरच्या साहेबांची टिपणं. त्यातून तीन गोष्टी बदलल्या. पेटीच्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोड स्वतः तपासून सही करायची. आठवड्यातून एकदा नळीच्या वरच्या टोकातून थोडा परीक्षेचा वायू सोडून तो खाली पेटीत पोचतो का ते बघायचं. आणि गुरुवारी उंचवटा आला नाही, तर घंटा वाजेल अशी जोडणी करायची. वर चढून परीक्षेचा वायू कोण सोडणार, असा प्रश्न निघाला तेव्हा बाटलीभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग तोच हात वर केला.

भांडारातल्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी काका दुकानातून लवकर आले. चपला न काढताच म्हणाले, "तू अख्ख्या केंद्रासमोर सांगितलंस. कॉलनीसमोर सांगितलंस. मला एका डॉक्टरासमोर सांगायला काय धाड भरली आहे?"

"कधी जायचं?"

"उद्या. परवा माझा विचार बदलेल."

डॉक्टर शहरात होते, बसने तासाभरावर. त्यांनी काकांना हात पुढे धरायला लावला, नाकाला बोट लावायला लावलं, पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं. थोडं सांडलं. मग कोरा कागद आणि पेन देऊन म्हणाले, "मधून सुरुवात करा आणि गोल गोल बाहेर येत जा. गोगलगाईच्या शंखासारखं."

काकांनी काढलं. रेघ नागमोडी होत, अडखळत बाहेर आली. ते कागदाकडे बघत राहिले. तीस वर्षं या हाताने लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला होता.

"वडिलांना होतं का असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडिलांच्या हातातला कप वाजायचा बशीवर. आम्ही म्हातारपण समजायचो."

"तेच आहे. घराण्यात चालत येणारा कंप. वाढेल हळूहळू, पण जिवाला धोका नाही, आणि तुम्ही ज्याला घाबरला होतात तो कंपवात तर नाहीच. गोळ्यांनी बराच कमी होईल. वस्तरा मात्र सोडा. कात्री चालवून बघा."

काका खुर्चीत एवढे सैल झाले की ताईंनी त्यांचा दंड धरला. तीन महिने आणि वर तीन आठवडे हा माणूस मनातल्या मनात त्या दुसऱ्या आजाराचं नाव घेऊन झोपत होता, हे त्यांना तेव्हा कळलं. दवाखान्याच्या जिन्यावर त्या म्हणाल्या, "एकट्याला टाकून भीत बसलात इतके दिवस."

"एकटीला," काकांनी चूक सुधारली.

"नाही. एकट्याला. तुम्ही स्वतःलाच टाकलंत."

परतीच्या बसमध्ये काकांना खिडकीची जागा मिळाली, ताई मधे, आणि तिसऱ्या जागेवर एक अनोळखी गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दोन थांबे गेले. काका ताईंच्या पुढून वाकून त्या गृहस्थांना म्हणाले, "हे बघा, हात. थरथरतो ना?" गृहस्थ दचकले. "घाबरू नका, घराण्यातला आहे. माझ्या वडिलांचा कप वाजायचा..." आणि काकांची गाडी सुटली. गृहस्थांच्या मामेभावालाही तसंच होतं. मागच्या बाकावरच्या आजींनी गोळीचं नाव विचारलं. कंडक्टरने आपला हात पुढे करून दाखवला, तो थरथरत नव्हता, पण त्याला खात्री करून घ्यायची होती. काकांनी त्याच्या केसांबद्दलही दोन शब्द सुनावले.

ताईंनी डोकं सीटला टेकलं. गेले काही आठवडे घरात हे ऐकू आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि घर येईपर्यंत नवऱ्याची बडबड ऐकत राहिल्या.